शापाची भिंत

बर्बँकच्या एका गोदामात चीन उभा राहिला
सतरा दिवसांत, प्लायवूड आणि प्लास्टरचा.
छप्पर मिंग, खांब तांग,
दारातले दोन सिंह कुठल्याशा हॉटेलातून भाड्याने आणलेले
आणि मधोमध, सम्राटाच्या थडग्याबाहेर,
एक कोरी भिंत. शापासाठी.

वडिलांना बोलावलं, कारण त्यांच्या हातात ब्रश होता.
एरवी ते ऑर्ड स्ट्रीटवर दुकानांच्या पाट्या रंगवायचे,
लग्नाला लाल पट्ट्या, कोणी गेलं तर पांढऱ्या.
"कोणतं घराणं?" त्यांनी विचारलं.
"जुनं," दिग्दर्शक म्हणाला.
"लिपी? मुद्रालिपी, की कारकुनी?"
"बघून भीती वाटली पाहिजे, बस."
"आणि मजकूर?"
"मिस्टर फोंग," तो हसला, "वाचणार कोण आहे?"

मी बारा वर्षांची. काळ्या रंगाची बादली माझ्याकडे.
वडील भिंतीसमोर इतका वेळ उभे राहिले
की कोणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली.
मग वरून खाली, उजवीकडून डावीकडे,
एकदाही न पुसता.

सिनेमात आमचा किराणावाला लो तीनदा मेला,
दोनदा मंगोल म्हणून.
फ्रेस्नोत जन्मलेल्या राजकन्येला
मोडकं इंग्रजी शिकवायला एक बाई ठेवली होती.
आमच्यापैकी कोणी दारातून आत आलं
की घंटा वाजायची. धुकंही यायचं.
थिएटरमध्ये शेवटच्या रांगेत बसून
लो प्रत्येक घंटेला उठून उभा राहायचा, वाकून नमस्कार करायचा.
आम्ही पोट धरधरून हसत होतो.

मग भिंत आली.
नायकाने मशाल वर धरली, आवाज खाली आणला,
आणि खडाखडा वाचलं:
जो ही झोप मोडेल, त्याच्या रक्ताची वाळू होईल.
पुढच्या रांगांत कोणीतरी किंचाळलं.
आमच्या रांगेत हसणं थांबलं.
भिंतीवर होतं:

वाई-खिन, माझी सगळी पत्रं परत आली.
गाव धरणात गेलं म्हणतात.
पाणी चढायच्या आत आईला हलवलंस का?
मी बरा आहे. दोन मुली. गुडघा दुखतो.
तू आहेस का?

अकरा सेकंद.
मग नायकाने डायनामाइट लावला.

लोने वडिलांच्या मांडीवर हात ठेवला, तो काढलाच नाही.
पडद्यावर धूळ, सोनं, चुंबन.
घरी येताना कोणी काही बोललं नाही.
मी मागच्या सीटवर बसून मोजत होते,
भिंतीला पाच ओळी होत्या की सहा.

सात वर्षांनी स्टुडिओतून एक पाकीट आलं,
कोपरे झिजलेलं. वर, कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या
इंग्रजी अक्षरांत: थडग्याची भिंत लिहिणाऱ्यास.

दादा,
इथे बाजारात एक व्हिडिओ हॉल आहे, कॅसेट चोरीची.
मी चार वेळा थांबवायला लावली, पोरं शिव्या देत होती.
आई सुखरूप आहे. मी स्वतः हाडं धुतली,
नीट रचली मडक्यात, पाय खाली, डोकं वर.
डोंगरावर, लिचीच्या वरच्या अंगाला. पाणी तिथवर येत नाही.
गुडघ्याला आलं किसून बांध.
एक सांगायचं राहिलं. तुझी अक्षरं फार जुनी झाली.
'आई' आम्ही आता सहा फराट्यांत लिहितो.
शेजारच्या पोरांना तुझी आई वाचता आली नाही.
मी वाचून दाखवली.

वडिलांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं.
मग चष्मा काढला, आणि टेबलावर सांडलेल्या चहात
बोटाने लिहिली,
तेरा फराट्यांची.
शेवटचे चार ठिपके देताना
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मला येतं का ते बघायला.