परतीची वाट

शिरोलीत, फाउंड्रीच्या मागच्या खोलीत
आधी कोअरची वाळू साठवत.
आता रॅक आहे, एसी आहे,
तरी काळी धूळ कुठून तरी येतेच
आणि रिकाम्या पोर्टांवर जाऊन बसते.
मी तिला रंगाच्या ब्रशनं झाडते, दर शनिवारी.

रात्रीचे पावणेबारा. दोन टनेल उभे आहेत,
एक ऐरोलीच्या डेटा सेंटरला, एक हैदराबादच्या.
टनेल म्हटलं की आईला कात्रजचा बोगदा आठवतो.
उभे आहेत म्हणायचं, दिसत काहीच नाही:
स्क्रीनवर एक हिरवा ठिपका, त्याखाली दुसरा.
पलीकडे रस ओतायला लागले की टेबल थरथरतं,
ठिपके थरथरत नाहीत.

चौगुलेसाहेब जाताना सांगून गेले होते,
"राउटरला शहाणपण शिकवू नकोस, पद्मजा.
मागच्या दिवाळीत त्यानं शेजाऱ्याचं ऐकलं
आणि आपल्या सगळ्या नोंदी चेन्नईला फिरवून आणल्या.
वाट हातानं लिही.
हे जाळं, ह्या टनेलातनं. विषय संपला."

मग मी लिहिते.
ऐरोलीचं जाळं, पुढचा टप्पा टनेल एक.
तेच जाळं, टनेल दोन, पण वजन जास्त,
म्हणजे पहिला पडला तरच.
हातानं लिहिलेली ओळ इमानी असते, आणि आंधळी.
पलीकडचं टोक मेलं तरी
ती पॅकेट आत ढकलत राहील, सकाळपर्यंत,
म्हणून तिच्याजवळ एक पहारेकरी बसवते,
दर पाच सेकंदांनी हाक मारणारा.

आप्पा चावीवाले होते. पाण्याच्या खजिन्याजवळ ड्युटी.
खांद्यावर लांब लोखंडी चावी,
पहाटे चार वाजता सायकल.
कुठल्या गल्लीला किती आटे, सगळं मनगटात.
तालमीच्या बाजूला साडेपाच,
चढावरच्या घरांना नऊ, आणि वर अर्धा
एका म्हातारीसाठी, जिचा नळ सगळ्यात शेवटी.
निवृत्त झाले त्या आठवड्यात
दोन गल्ल्या कोरड्या राहिल्या
आणि ऑफिसची जीप दारात आली, विचारायला.
मी प्रत्येक ओळीखाली शेरा टाकते.
कुणी, कधी, कशासाठी.

पिंग.
काही नाही.
पुन्हा पिंग. जाणाऱ्यांचा आकडा वाढतोय,
येणाऱ्यांचा शून्य.
फायरवॉल बघितली, की बघितली, पॅकेटचा आकार कमी केला,
वायरीला विनाकारण हात लावला,
वॉचमन जिनगोंडा चहा ठेवून गेला, तो गार झाला.
दीड वाजता ऐरोलीला फोन लावला.
रात्रपाळीला ग्लॅडविन डाबरे,
आवाजावरून नुकताच जेवलेला.
"येतायत की तुमची पॅकेट," तो म्हणाला,
"सगळी पोचली. उत्तरंही तयार आहेत.
पण शिरोली कुठल्या दिशेला
ते आमच्याकडे कुणी लिहिलेलंच नाही."

दीड तास मी स्वतःचं अंगण झाडत होते.
त्याला आमचं जाळं सांगितलं, आकडा आकडा करून,
तीन की तेरा, तेरा, हां, तेरा.
फोनमधून त्याची बटणं ऐकू आली,
मग एक खोकला,
मग माझ्या स्क्रीनवर ओळ. आणखी एक. अठरा मिलिसेकंद.
शेडमध्ये भोंगा झाला, त्याचा ह्याच्याशी संबंध नव्हता.
पाळीची पहिली नोंद गेली, वितळलेल्या लोखंडाचं वजन,
आणि पोच परत आली.

सकाळी आप्पा अंगणात दात घासत होते.
"गेलं का तुझं पाणी?"
गेलं, म्हटलं, आणि परतही आलं.
त्यांनी चूळ भरली, जरा विचार केला.
"परत आलं? मग ते पाणी न्हवं."

हैदराबादला अजून फोन करायचाय.
तिथंही कुणी लिहिलेलं नसणार.