आतला

साखर पेठेत, कोडमांच्या कारखान्यावरच्या माळ्यात
एकच कॉम्प्युटर. बाहेर उबुंटू,
त्याच्या पोटात, चौकटीत, एक्सपी.
चादरीचं डिझाइन दुसऱ्या कशावर उघडतच नाही.

श्रीनिवासनं त्याला रॅम दिली
पाहुण्याला वाढावी तशी, हात आखडून.
लायसन्स संपू नये म्हणून
त्याचं घड्याळ दोन हजार सहावर अडकवलंय.
आतल्याला पत्ता नाही
आपण आत आहोत ते.
रोज सकाळी तो प्रिंटर शोधतो,
भंगारात गेलेला.

खाली यादगिरीमामा
तेलुगूत धागे मोजतात,
मराठीत भाव करतात,
मागाला शिव्या मात्र कन्नडमध्ये.
एक बंद करून दुसरं उघडताना
मी त्यांना कधी पाहिलं नाही.

काल लाईट गेली.
माग थांबले, वरची खिडकी, आतली खिडकी,
सगळं एकदम.
मामा अंधारात बसून होते,
कुठल्या भाषेत गप्प,
कळलं नाही.