घसारा

जुलैचा शेवटचा आठवडा. पुलगावच्या स्टँडमागं
माझ्या दहा बाय आठच्या खोलीत
नत्थुजी डंभारे आले. विजयगोपालचे, चक्कीवाले.
भुवयांवर पीठ. कागद पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.
बसण्याआधी त्यांनी पायजमा झटकला
तर फरशीवर दोन पांढरी पावलं उमटली.

मी ताळेबंद पुढं सरकवला.
त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं.
"घसारा. हे काय होय?"

म्हटलं, काकाजी, यंत्र चाललं की झिजतं.
पैसा खिशातून जाताना दिसत नाही, तरी तो खर्चच.
म्हणून दरसाल शंभरातले पंधरा
नफ्यातून वजा करायचे. तेवढ्यावर कर नाही.
ऐंशी हजारांची चक्की,
पहिल्या साली बारा हजार गेले, उरले अडुसष्ट.
पुढचे पंधरा टक्के त्या उरलेल्यावर.
सत्तावन्न हजार आठशे. मग
एकोणपन्नास हजार एकशे तीस…

"अन् शून्य कवा होते?"

होत नाही. कितीही वर्षं कापत गेलं
तरी काहीतरी उरतंच कागदावर.

ते हसले. "म्हंजे सरकार माया चक्कीले
मरू देत नाई."

मग गप्प. अंगठ्यानं तर्जनी चोळत राहिले,
पिठाचा पोत बघतात तसं.

"पन पंधरा कोनं मोजले?
मी पाट उचलतो, छिन्नीनं टाके पाडतो, मले मालूम हाये.
वीतभर जाड होता दगड. आता चार बोटं.
बाकीचा गेला कोठी, सांगा."

मी नियमांचं पुस्तक ओढलं.

"राहू द्या, बाई. पिठात गेला.
बारशाच्या पिठात, तेरवीच्या बी.
आख्ख्या गावानं खाल्ला, जरा जरा.
कोनाले समजलं नाई."

रकान्यात मी आकडा भरला:
सात हजार तीनशे सत्तर.
त्यांनी सही केली, सावकाश, शिरोरेषेसकट.
फीच्या नोटांशेजारी
ज्वारीच्या पिठाची एक पुडी ठेवून गेले.

रात्री भाकरी थापली.
दुसऱ्याच घासाला दाताखाली
कचकन् काही आलं.
थुंकायला म्हणून उठले,
मोरीपर्यंत गेले,
आणि तिथंच, उभ्याउभ्या,
गिळलं.