पावाचा तळवा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. उतेनात
आता सफरचंद कुणालाच नको असतं.
लोक बादल्या भरून एकमेकांच्या दारात ठेवतात
आणि बेल न वाजवता निघून जातात,
मांजरीची पिल्लं सोडावीत तसे.
आज माझ्या पायरीवर दोन बादल्या.
एकीची कडी तुटलेली, तांब्याच्या तारेनं बांधलेली.
ती तार मी ओळखते.

ब्रोन्युसशी मी नऊ वर्षं बोललेले नाही.
त्याचा मेपल, माझं अंगण.
अल्गिर्दासनं एकदा न विचारता फांदी कापली,
तेवढ्यावरून सुरू झालेलं.
मग अल्गिर्दास गेला.
त्याचे बूट मी देऊन टाकले, करवत विकली,
भांडण तेवढं माझ्या नावावर राहिलं.
दर शरदात ती पिवळी पानं कुंपणावरून येतात,
मी झाडून परत पलीकडे लोटते,
वारा त्यातली निम्मी माघारी आणतो.
म्हटलं तर हेच आमचं बोलणं.

सफरचंदं सोलली. दुपारभर आटवली.
गर फडक्यात बांधून वर दगड ठेवला;
नाताळपर्यंत त्याची घट्ट, तपकिरी वडी होईल
आणि दातांना चिकटेल.
खिडक्यांवर वाफ धरली. बाहेरचं काही दिसेना,
बरं वाटलं.

काथवटीत रायचं पीठ रात्रीपासून आंबत होतं.
स्टाव्हांगरहून स्मिल्टेचा फोन:
आई, पीठ किती? ग्रॅममध्ये सांग.
हाताला चिकटायचं थांबेल इतकं, मी म्हटलं.
राय चिकटायचं थांबतच नाही, आई.
खरं आहे. थांबत नाही.
कोपरापर्यंत पिठात बुडालेली मी
फोनपुढे गप्प उभी राहिले.
माझ्या आईला कसं कळायचं कोण जाणे.
ती सांगत होती त्या वयात मला
दुकानातला पांढरा पाव हवा असायचा,
कापून पिशवीत भरलेला,
ज्याला कुणाच्याच हाताचा वास नसतो.

आणि ऐन वेळी लक्षात आलं, पानं नाहीत.
पाव पानांवर ठेवून भट्टीत सरकवायचा असतो.
तळ्याकाठचं वेखंड आणायला
यंदा गुडघा तयार नव्हता.
मग कुंपणापाशी वाकले
आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा
त्या झाडाची पानं निवडून घेतली.
अखंड, मऊ, डागांशिवायची.
सात घेतली. आठवं परत ठेवलं,
का ते माहीत नाही.
पलीकडचा पडदा हलला. वाराही असेल.

पाव फुगला, एका बाजूला तडकला.
उलटा करून बोटानं ठोकला, पोकळ वाजला.
तळाला पानांच्या शिरा उमटलेल्या,
म्हाताऱ्या तळव्यावर असतात तशा,
खोल, फाटे फुटलेल्या.
पाव कापताना ही बाजू कुणी बघत नाही.
मी बघत राहिले. अल्गिर्दासची आठवण आली,
पण फांदी कापतानाची नाही;
गरम पावाचं टोक तोडून, ओठ भाजून,
काही झालंच नाही असा चेहरा करायचा, त्याची.

अर्धा पाव फडक्यात गुंडाळून गेले.
ब्रोन्युसनं मोज्यांतच दार उघडलं.
केवढा वाळलाय.
त्यानं पाव घेतला, उलटा केला,
अंगठा फिरवला शिरांवरून.
खालच्या फांदीचं पान, तो म्हणाला.
मी म्हटलं, तुझ्या बादल्या अजून भरलेल्याच आहेत.
त्यानं मान हलवली.
नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य,
आणि ते बादल्यांबद्दल.

रात्री स्मिल्टेला लिहिलं: आठशे ग्रॅम. पुढचं अंदाजे.
तिचं उत्तर आलं: अंदाजे म्हणजे किती?

सकाळी अंगणभर पानं.
झाडू घेतला आणि सवयीनं
सगळी त्याच्या बाजूला लोटली.
मग कुंपणातून हात घालून
चार परत घेतली.