वीतभर पाणी

फळ्यावर इंग्रजी, तोंडात कोंकणी,
आणि मनातल्या मनात मी मराठीतच शिकवते :
अंडाशय. अंडनलिका. गर्भाशय.
दिवाडीची शाळा, दहावीचा वर्ग.
माझ्या आधीचे कारापूरकर सर
हा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देत.
घरी कोण वाचतं?
घरी ते पान चिकटून बसतं.

मी आकृती काढते.
दोन शिंगांचं डोकं उमटतं फळ्यावर.
मागच्या बाकावरून दत्तेश म्हणतो, “बोकडो!”
वर्ग हसतो. मीही.
हसून घेतलं की कान मोकळे होतात.

मग वेलंसी उठते, तारवट्याची मुलगी,
थेट फळ्याशी येते, बोट ठेवते :
“टीचर, हांगा तुटलां.”
अंडाशय आणि नळी यांच्या मधली ती जागा.
नाही गं. रेघ चुकलेली नाही.
ते जोडलेलं नसतंच.

महिन्याला एक अंडं,
रव्याच्या कणाहून बारीक,
ना शेपूट, ना पाय,
भिंत फोडून बाहेर येतं
आणि समोर रस्ताच नसतो.
नळीच्या तोंडाला झालर असते, ओल्या बोटांची.
ती वाकते, चाचपते,
उचलून घेते त्याला.
आत रोम, सगळे एकाच दिशेला लवणारे,
खाजनातलं कोरगूट खाऱ्या वाऱ्यात लवतं तसे.
त्यांच्यावरून ते सरकतं. आयुष्य एक दिवसाचं.
त्या दिवसात, त्या नळीतच, गाठ पडली तर पडली.
निघालेल्या कोट्यवधींतले शे-दोनशे पोचतात तिथवर.
आत शिरतो एक.

“बाकीच्यांचें कितें जाता?”
दत्तेशच. आता बोकड विसरून.
विरघळतात, मी सांगते.
त्यांचं तेरावं कुणी घालत नाही.

मग एकाचे दोन, दोनाचे चार,
वाढत वाढत, वाहत वाहत
पाच-सहा दिवसांत गर्भाशय गाठायचं,
तिथल्या मऊ अस्तरात रुजायचं.
पुस्तकात बाण आहे.
सरळ बाण.

बाण मध्येच थांबतो कधी,
हे मी सांगत नाही.
सातवा आठवडा, रात्रीचे अडीच,
उजव्या कुशीत विळी फिरली.
उमाकांतनं रिक्षात घालून धक्क्यावर आणलं.
फेरी पलीकडे. दिवा दिसत होता तिचा.
त्यानं हॉर्न दिला, हाका मारल्या,
मी कठड्याला धरून नदीकडे बघत राहिले,
आणि आत तो तीळ
वाटेलाच गाव समजून
घर करून बसला होता.
बांबोळीला नळी काढली. उजवी.
कागदावर तिचं नाव होतं,
माझ्या नावाखाली, स्पेलिंग चुकलेलं.

“आनी टीचर, एक नळी नासल्यार?”
वेलंसीला काही ठाऊक नाही. ती नुसतीच हुशार आहे.
मी खडू खाली ठेवते. बोटं पुसते.
मग कधी कधी, सांगते मी,
उरलेली नळी पलीकडे झुकते,
दुसऱ्या बाजूच्या अंडाशयावर,
आणि तिथलं अंडं उचलून आणते.
जोडलेलं नसतं ना,
म्हणून जमतं.

हे पुस्तकात नाही. परीक्षेला येणार नाही.
ती तरी वहीत लिहून घेते,
खाली दोनदा रेघ ओढते.

शनिवारी मी रायबंदरला जाते,
औषधाच्या दुकानात.
काय आणायला, ते फेरीत कुणी विचारत नाही.
धक्क्याला टेकण्याआधीच फळी खाली येते,
मध्ये वीतभर पाणी उरतं, हिरवट, हलणारं.
लोक ओलांडतात स्कूटरसकट,
माशांच्या पिशव्यांसकट, बोलत बोलत,
खाली न बघता.

मी बघते.