काठ

भाडेकराराचा अकरावा मुद्दा:
भिंतीला खिळा ठोकू नये.
खाली सही, निनावे.
आडनाव निनावे, आणि तेच
दारावरच्या पितळी पाटीत नखभर खोल कोरलेलं.

म्हणून मी खिळा ठोकला नाही.
गांधीबागेतून टसरचे तीन तुकडे आणले,
थानाच्या शेवटी उरलेले.
दुकानदार म्हणाला, यात काही निघणार नाही, घेऊन जा.
नफीस टेलरनं दांडीसाठी नेफा शिवला,
"पायजम्याला असतो तसाच ना, मॅडम?"
हो, म्हटलं, भिंतीचा पायजमा.
तो हसला नाही. टेप काढून
दांडीची जाडी मोजत राहिला.

पश्चिमेची भिंत. तिच्यावर
आधीच्या भाडेकरूंच्या मुलाची उंची, पेन्सिलनं,
तीन फूट दोन इंचापर्यंत वाढून थांबलेली.
बाकी काही नाही.
फोनवर बोललं की माझाच आवाज परत यायचा
किंचित उशिरा,
शेजारच्या खोलीतून कुणी नक्कल केल्यासारखा.
आईला वाटायचं, कुणीतरी आहे माझ्याकडे.

दोन बाजूंनी चिकटणारी टेप.
पाकिटावर लिहिलं होतं, पाच किलो पेलते.
कितव्या अंशापर्यंत, ते नव्हतं लिहिलं.

मे महिना. रात्री अकराला
भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
पहिली पट्टी पडली तेव्हा मी जागी होते.
दुसरी पहाटे, कूलरमधलं पाणी संपल्यावर.
तिसरी एका कोपऱ्याला धरून राहिली तीन दिवस,
आणि मी तिच्याकडे बघत राहिले,
पड ना बाई एकदाची.

निनावे काका कूलरचा पंप बघायला आले
आणि पंपाकडे गेलेच नाहीत.
चष्मा कपाळावर. फरशीवरची पट्टी उचलून
काठ चिमटीत धरला,
पीठ किती बारीक दळलंय बघावं तसा.
"करवतकाठी."
मग, "उलटं लावलं ना तुम्ही."
मी म्हटलं, काठ वर बरा दिसतो, तोरणासारखा.
"काठ पायाशी राहते, बाई.
डोक्यावर कोन घेते काठ?"

कापड पालथं करून मागचे धागे बघत राहिले.
"तीन धोट्यांचं काम हे.
एक अंगाचा, दोन काठांचे.
मागावर दोघं लागत, एक इकडून, एक तिकडून.
मी तिकडून बसे. तांडापेठेत."
किती वर्षं, मी विचारलं.
त्यांनी उजवा कान पुढे केला. पुन्हा विचारलं.
"मग पॉवरलूम आले," ते म्हणाले,
"मग हा डावा गेला."
वर्षं सांगितलीच नाहीत.

खाली गेले. परत आले ते हातोडी घेऊन.
पहिल्याच खिळ्याला पुरीएवढं प्लास्टर निघालं,
त्यांच्याच पायावर.
आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे बघत उभे.
अकरावा मुद्दा, मी म्हटलं.
"तो भाडेकरूसाठी आहे."
आणि दुसरा खिळा तोंडात धरला.

नफीसकडे पुन्हा गेले. "आता नेफा खालून?"
वरूनच, म्हटलं. फक्त वर म्हणजे मागच्या वेळचं खाली.
त्यानं सुई कॉलरला टोचली, जरा विचार केला,
पैसे मात्र दोनच पट्ट्यांचे घेतले,
कारण मी दोनच नेल्या होत्या.

आता दोन पट्ट्यांचा काठ जमिनीकडे,
करवतीचे दात वर.
तिसरी अजून माझ्या मनासारखी, उलटी.
पहिली खड्ड्यावर आहे.
पहिली आणि दुसरीच्या मधे हातभर जागा सोडली,
तिथे त्या मुलाच्या रेघा.

काकांनी तिसरीकडे पाहिलं परवा.
चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुन्हा पाहिलं,
आणि म्हणाले, पंप कुठे आहे तुमचा?

रात्री कूलरच्या वाऱ्यानं दांड्या हलतात,
भिंतीला टेकतात, सुटतात.
आवाज परत येत नाही आता.
आईनं विचारलं काल,
गेलं का गं ते, तुझ्याकडे होतं ते?