धूळसुद्धा पुसू नका

पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला,
तिला काही करू नका.
स्क्रू फिरवू नका, पॉलिश नको,
धूळसुद्धा पुसू नका.
आहे तशी पाठवा, अठ्ठावीस हजार देतो.
मी म्हटलं, साहेब, ती मुकी आहे.
असू द्या, म्हणाला,
मुकी पण ओरिजिनल.

सावद्यात बसस्टँडमागे आमचं दुकान,
झोपे मोटर रिवाइंडिंग.
बत्तीस वर्षं मी जळालेलंच उघडतोय.
केळीचं पाणी तुटलं की माणूस
पाच एचपीची मोटर गाडीवर आडवी बांधून आणतो,
तान्ह्या वासरासारखी,
आणि उतरायच्या आधी विचारतो,
सांजलोक होईन का भो?
आजवर एकानंही म्हटलं नाही
की राहू द्या जळालेली,
तशीच भारी दिसते.

गिटार तशी माझी नाही.
वडिलांच्या वहीत, एकोणऐंशीच्या मार्चात,
निळ्या शाईची नोंद आहे :
सिरिल, भुसावळ, रेल्वे.
अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर भरला. एकशे साठ बाकी.
वाद्य ठेवून गेला. पगार झाला की नेतो.

तो पगार अजून व्हायचाय.
डोंगर झोपे गेले. वहीची शिवण सुटली.
स्टार्टरच्या खोक्यांमागे ती उभीच,
मध्ये पिवळी, कडेनं काळी पडत गेलेली,
आठ दिवस घरात राहिलेल्या केळीसारखी.
मुलगी म्हणते, पप्पा, विका,
दुकानाला इन्व्हर्टर तरी येईल.
तिचं चुकत नाही.

रविवारी नुसती बघायला उघडली.
मीटर लावला, काटा हलला नाही.
पिकअपच्या पोटात एका जागी तार तुटून हिरवी पडलेली.
घामानं असेल.
इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या रात्रीचा,
सिरिलच्या मनगटाचा घाम.

इथपर्यंत अठ्ठावीस हजार शाबूत होते.

मग मी तार कापली.

सात हजार आठशे वेढे.
कुठल्याच मोटरला एवढे भरले नाहीत मी.
जळगावहून आणलेली तार इतकी बारीक
की बोटाला कळते, डोळ्याला नाही.
बायकोच्या शिलाई मशीनचं चाक,
शेजारी जुना काउंटर,
पंखा बंद, श्वास बेतानं.
तीन हजारांवर तुटली. पुन्हा एकपासून.
दुसऱ्या वेळी पाच हजार दोनशेवर लाइट गेली,
पोरीनं काही न बोलता मोबाइलचा उजेड धरला
आणि मी चुकलो तर कळावं म्हणून
आकडे मोठ्यानं म्हणत राहिली.

दोन तारा नव्हत्याच.
तिथं सायकलच्या ब्रेकची वीण उसवून ओढली.
पुण्याचा माणूस बघता तर रडता.
भजनी मंडळाचा स्पीकर दुरुस्तीला आला होता,
त्यालाच जोडली.

मला वाजवता येत नाही.
पान्यानं घासलेल्या अंगठ्यानं
एक जाड तार फक्त खाली सोडली.

दाराशी लीलाधर अण्णा, खिरोद्याचे,
मोटर न्यायला आलेले.
कान देऊन म्हणाले,
एक फेज कमी येऊ राह्यला का रे?
मी म्हटलं, नाही अण्णा. चालू झाली.
मोटरला म्हणतो तसंच म्हटलं,
दुसरा शब्द आठवला नाही.
बिल किती झालं, अण्णांनी विचारलं.
एकशे साठ, माझ्या तोंडून गेलं,
आणि त्यांनी, आपल्या मोटरचं समजून,
एवढ्यात? म्हणत खिशात हात घातला.

जुनी कॉइल मी फेकली नाही.
चहाच्या डबीत ठेवली आहे, हिरव्या तुकड्यासकट.
तेवढीच आता ओरिजिनल.
मागितली तर त्याला तीच पाठवीन,
धूळ न पुसता.

तेवढ्यात स्पीकर बोलला,
टिर्र टिर्र, टिर्र टिर्र.
तारांना कुणी हात लावला नव्हता.
मग दोन सेकंदांनी
टेबलावरचा माझा फोन वाजला.
पुणे.

माझ्याआधी तिला ऐकू आलं होतं.